प्रेक्षक नरसीचे, कर कुणाचा?

(नरसी नामदेव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. म्हणून मी आज हिशेबाचा विषय घेतला आहे. नामदेव महाराजांच्या जन्मगावात येऊन डिजिटल व्यवहारांवरच्या कराबद्दल बोलायचं, म्हणजे विषय फार लांबचा वाटेल. तो लांबचा नाही. परतवारीपासूनच सुरुवात करू.

आषाढीला पंढरपूर करून आलेले वारकरी कामिका एकादशीला इथे येतात. त्या दिवशी कयाधू नदीच्या काठावर उभं राहायला जागा नसते. आता त्या गर्दीत बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. दिंडीचं चित्रीकरण होतं, संध्याकाळपर्यंत ते यूट्यूबवर चढतं, आणि रात्री सेनगावात किंवा औंढ्यात कुणी ते पाहायला बसलं की आधी जाहिरात लागते. जाहिरात देणारी कंपनी भारतातली, पाहणारा आपल्या हिंगोली जिल्ह्यातला, दिंडी नरसीची. जाहिरातीचे पैसे मात्र यूट्यूब या मंचाच्या मालकाला जातात. चित्रीकरण करणाऱ्याने एक हजार सदस्य आणि ठरलेले पाहण्याचे तास पूर्ण करून भागीदारी घेतली असेल, तर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा त्याला मिळतो. घेतली नसेल तरी जाहिरात लागू शकते, त्याला काही मिळत नाही.

या पैशावर भारतात करच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. जाहिरातदार १८ टक्के जीएसटी भरतो. अशा मंचांच्या मालक कंपन्यांची भारतातली उपकंपनी बहुधा वितरक म्हणून काम करते आणि तिच्या हिश्श्याला जो नफा येतो त्यावर ती इथे आयकर भरते. प्रश्न उरलेल्या मोठ्या नफ्याचा आहे. तो ज्या परदेशी कंपनीच्या खात्यात जमा होतो तिचं भारतात दुकान नाही, गोदाम नाही, कचेरी नाही. तेव्हा देशादेशांतल्या करविषयक करारांच्या भाषेत तिची भारतात स्थायी आस्थापना नाही, आणि आस्थापना नाही म्हणून त्या नफ्यावर भारताचा हक्क नाही.

आता हाच हिशेब उलट बाजूने करून बघा. आपल्या जिल्ह्यातला एखादा तरुण हळद लागवडीचे व्हिडिओ मराठीत करतो. बेणेप्रक्रिया, करपा, उकडणी, पॉलिश, वसमतच्या बाजारातला भाव, असं सगळं सांगतो. त्याचे काही प्रेक्षक न्यू जर्सीतली आणि कॅलिफोर्नियातली मराठी माणसं आहेत. गावाकडची हळद दिसली की ती थांबून बघतात. जून २०२१ पासून अशा प्रत्येक निर्मात्याला अमेरिकेच्या करखात्याचा ‘डब्ल्यू-८ बेन’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात तो आपला पॅन क्रमांक देतो आणि भारत-अमेरिका करारातल्या सवलतीचा दावा करतो. तसं केलं की अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या कमाईतून १५ टक्के कर तिथे कापला जातो. सवलत मागितली नाही तर ३० टक्के. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापणी होऊ शकते.

समजा, त्याला वर्षाला लाखभर रुपये मिळाले आणि त्यातले दहा हजार अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आले. दीड हजार तिकडे कापले गेले. हा कर भारतातल्या करातून वजा करून मिळतो, त्यासाठी आजवर फॉर्म ६७ भरावा लागत आला आहे. पण वजा कशातून करणार? त्याचं उत्पन्न इतकं कमी आहे की इथे त्याला आयकरच लागत नाही. ज्याला कर नाही त्याला वजावट नाही, आणि परतावा भारत देत नाही, कारण पैसा भारताकडे आलेलाच नाही. ते दीड हजार गेले.

रक्कम लहान आहे, पण तिच्यामागचं तत्त्व नीट पाहा. अमेरिका म्हणते, प्रेक्षक आमच्या देशात आहेत, म्हणून त्या कमाईवर आमचा हक्क. आपल्या पोराचं अमेरिकेत दुकान नाही, गोदाम नाही, कचेरी नाही, तो तिथे कधी गेलेलाही नाही. तरी कर कापला जातो. आणि भारत जेव्हा म्हणतो की अमेरिकी कंपनीचे प्रेक्षक आमच्या देशात आहेत, तेव्हा उत्तर मिळतं की तुमच्या देशात तिची आस्थापना कुठे आहे?

कायद्याचे जाणकार यावर सांगतील की पोराची कमाई ही स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी धरली जाते आणि कंपनीची कमाई व्यवसायाचा नफा. करारात दोन्हींसाठी वेगळी कलमं आहेत. १९८९ मध्ये सही झालेल्या भारत-अमेरिका कराराची तशीच रचना आहे, हे खरं. पण ती रचना कुठून आली, हे कळल्याशिवाय हा अन्याय समजणार नाही. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि त्या वाटेवर आपल्याला बाबासाहेब आंबेडकर भेटतात.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या सरकारांनी आयकराचे दर फार वाढवले. एका देशात राहणाऱ्या आणि दुसऱ्या देशात धंदा करणाऱ्या माणसावर दोन्हीकडून कर बसू लागला. राष्ट्रसंघाने हा गुंता सोडवण्याचं काम चार अर्थतज्ज्ञांवर सोपवलं. रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तुरिनचे आयनॉडी, लंडनचे स्टँप आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन. त्यांचा अहवाल १९२३ मध्ये आला. माणसाची किंवा पैशाची आर्थिक निष्ठा कोणत्या देशाशी आहे ते आधी शोधा आणि त्यावरून कराचा हक्क ठरवा, असा त्यांचा विचार होता. ही निष्ठा शोधायला त्यांनी चार गोष्टी धरल्या. संपत्ती कुठे निर्माण झाली, ती आज कुठे आहे, तिच्यावरचा हक्क कोणत्या देशातल्या कायद्याने बजावता येतो, आणि तिचा उपभोग घेणारा मालक कुठे राहतो. जमीन, कारखाना, दुकान जिथे असेल तिथल्या देशाला त्यांनी मोठा हक्क दिला. रोखे, शेअर, कर्जावरचं व्याज यांच्या बाबतीत मात्र कौल मुख्यतः मालकाच्या देशाकडे गेला. पुढे १९२८ पर्यंत नमुना करार तयार झाले आणि स्थायी आस्थापनेची अट पक्की झाली.

आता सेलिग्मन यांच्याबद्दल. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांचे ते गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेची वाढ कशी झाली यावरचा बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. म्हणजे जगातला कर देशादेशांत कसा वाटायचा, याचा अहवाल ज्यांनी लिहिला, त्यांनीच दोन वर्षांनी मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, हे सांगणाऱ्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. ही दोन कामं शेजारी ठेवून वाचावीत असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे ती फारशी तशी वाचली जात नाहीत.

बाबासाहेबांचा ग्रंथ १८३३ पासून १९२१ पर्यंतचा इतिहास सांगतो. १८३३ च्या कायद्याने सगळी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. खर्च प्रांतांनी करायचा, पैसा उभा करण्याची जबाबदारी मात्र त्यांची नाही. त्यातून उधळपट्टी झाली आणि तूटही आली. मग लॉर्ड मेयोंच्या काळापासून प्रांतांना ठरावीक रकमा, पुढे काही उत्पन्नांचे हिस्से, अशी वाटणी हळूहळू सुरू झाली. करवाटणी ही सत्तेची वाटणी असते, हे त्या ग्रंथाच्या पानोपानी दिसतं. जो पक्ष वाटणीचे नियम लिहितो, त्याच्या सोयीचे नियम होतात. राष्ट्रसंघाच्या चार तज्ज्ञांत एकही जण आशियाचा किंवा आफ्रिकेचा नव्हता. हिंदुस्थान कागदोपत्री राष्ट्रसंघाचा सभासद होता, पण बोलणारं तोंड ब्रिटिश सरकारचं होतं. भांडवल बाहेर पाठवणाऱ्या देशांनी आखलेली ती चौकट पुढे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनीही स्वीकारली. कंपनीला दुसऱ्या देशात धंदा करायचा तर तिथे जावं लागे, तोवर ती चौकट चालूनही गेली.

इथल्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी करोडगिरीचे नाके ऐकले-पाहिले असतील. हिंगोलीहून वाशिमच्या वाटेला कनेरगाव नाका आहे. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. माल एका मुलखातून दुसऱ्यात गेला की निजामी करोडगिरी खात्याचा माणूस तो बघायचा, वजन लिहायचा, पैसे घ्यायचा. त्या व्यवस्थेचा जाच कमी नव्हता. पण माल दिसत होता आणि रस्ता अडवता येत होता. आज जे गावात येतं ते दिसत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांनी १९९८ मध्ये ठरवलं की इंटरनेटवरून येणाऱ्या गोष्टींवर तूर्त सीमाशुल्क लावायचं नाही. ते ‘तूर्त’ २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही पुन्हा वाढवण्यात आलं. आपल्या गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला की ग्रामपंचायत त्यावर कर लावत आली आहे. टॉवर ही इमारत धरून त्यावर मालमत्ता कर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल आहे. टॉवरची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये होते. त्या टॉवरवरून जो धंदा चालतो त्याची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही.

भारत हातावर हात ठेवून बसला नव्हता. पहिली मोठी झुंज आपल्या मुंबईतच झाली, जरी तो मामला डिजिटल नव्हता. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनकडून भारतातला दूरध्वनी धंदा सुमारे अकरा अब्ज डॉलरना घेतला. धंदा भारतातला, पण विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. आयकर खात्याने अकरा हजार कोटींच्या आसपास कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती नाकारली. सरकारने मग कायदा मागच्या तारखेपासून बदलला. त्यावर हेगच्या लवादात २०२० मध्ये हार झाली आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. मागच्या तारखेचा कायदा करणं चूकच होतं असं माझं मत आहे. त्या एका पावलाने भारताच्या न्याय्य मागणीचंही वजन बरीच वर्षं कमी झालं.

त्यापेक्षा शहाणपणाचं पाऊल २०१६ चं. १ जून २०१६ पासून परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीसाठी पैसे देणाऱ्या भारतीय व्यावसायिकाने ६ टक्के समकारी शुल्क कापून सरकारकडे भरायचं, असा नियम आला. लोक त्याला ‘गूगल टॅक्स’ म्हणू लागले. वर्षाला एका कंपनीला एक लाखापर्यंत पैसे देणाऱ्याला त्यातून सूट होती. म्हणजे वसमतच्या हळद पावडरची थोडीफार जाहिरात करणारा छोटा उद्योजक त्यात येत नव्हता. आयकराच्या कायद्याबाहेर वेगळं शुल्क ठेवल्यामुळे करारांची आडकाठी टळत होती. पहिल्या वर्षी साडेतीनशे कोटींच्याही आत असलेली वसुली २०२०-२१ मध्ये दोन हजार कोटींच्या पुढे गेली. त्या वसुलीत एप्रिल २०२० मध्ये ई-व्यापारातल्या परदेशी कंपन्यांवर आलेल्या २ टक्क्यांच्या दुसऱ्या शुल्काचाही वाटा होता.

या शुल्कात दोष होते. ते नफ्यावर नव्हतं, उलाढालीवर होतं, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही लागायचं. काही बोजा भारतातल्या जाहिरातदारावर ढकलला जायचा. हे आक्षेप मला मान्य आहेत. अमेरिकेचा आक्षेप वेगळा होता. तिथल्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जून २०२० मध्ये चौकशी सुरू केली, जानेवारी २०२१ मध्ये २ टक्क्यांचं शुल्क भेदभावाचं ठरवलं आणि पुढे भारतीय मालावर जादा जकात लावायची यादी काढली. त्या यादीत कोळंबी होती, बासमती तांदूळ होता, दागिने होते. जाहिरातीच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या नफ्याचं भांडण कोळंबीवाल्याच्या आणि भातवाल्याच्या दारात आणून ठेवलं गेलं.

त्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, पॅरिसच्या ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या पुढाकाराने मोठा तोडगा जाहीर झाला. भारतासह १३० हून अधिक देशांनी मान्यता दिली. ज्या कंपनीची जगभरची उलाढाल वीस अब्ज युरोंच्या वर आणि नफा दहा टक्क्यांच्या वर, तिच्या दहा टक्क्यांपलीकडच्या नफ्याचा चौथा हिस्सा ग्राहकांच्या देशांत वाटायचा, ही पहिली बाजू. मोठ्या कंपन्यांवर कुठेही किमान १५ टक्के कर, ही दुसरी. बदल्यात देशांनी आपापली डिजिटल शुल्कं मागे घ्यायची.

पहिल्या बाजूचा करार आजही अमलात आलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की हा तोडगा अमेरिकेला बांधील नाही. भारताने २ टक्क्यांचं शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि ६ टक्क्यांचं १ एप्रिल २०२५ पासून रद्द केलं. दिलं ते हातातून गेलं, मिळायचं ते कागदावर राहिलं. व्यापाराच्या वाटाघाटी चालू होत्या, जादा जकातीची टांगती तलवार होती, निर्यातदारांचं हित पाहायचं होतं, ही सरकारची अडचण मी समजू शकतो. तरी ६ टक्क्यांचं शुल्क सोडताना बदल्यात निश्चित असं काही पदरात पाडून घ्यायला हवं होतं, हे मी स्पष्ट बोलतो.

कुणी म्हणेल की परदेशात बसलेल्या कंपनीकडून कर वसूल करणंच शक्य नसेल. तसं नाही. परदेशातून ऑनलाइन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना भारतातल्या साध्या ग्राहकाकडून १८ टक्के जीएसटी घेऊन तो भरावा लागतो. त्यांच्यासाठी सोपी नोंदणी आहे आणि काम बेंगळुरूच्या एका आयुक्तालयाकडे सोपवलेलं आहे. परदेशी मंचावर सिनेमे पाहणाऱ्या ग्राहकाच्या मासिक वर्गणीतला कर असा सरकारकडे पोचतो. वसुलीची यंत्रणा आहे, संगणक आहेत, माणसं आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत आपले अधिकारी घडतात आणि भूतानचे अधिकारीही त्यांच्याबरोबर शिकतात. आंतरराष्ट्रीय कराच्या कामात २०२१ पासून भारताने भूतानला तज्ज्ञ पुरवले आहेत. फरक इतकाच की जीएसटी शेवटी ग्राहकाच्या खिशातून जातो, त्यामुळे कुणी बलाढ्य देश त्यावर भांडायला येत नाही. नफ्यावर हात ठेवला की येतो.

देशादेशांत सहकार्य होतच नाही, असंही नाही. तुम्ही बँकेत नवीन खातं काढायला गेलात तर एका कागदावर सही घेतात, आपण भारताबाहेर कुठे करदाते आहात का, अमेरिकेचे नागरिक आहात का. हिंगोलीच्या शाखेतही तो कागद आहे. जुलै २०१५ मध्ये भारताने अमेरिकेशी केलेल्या समझोत्यामुळे आणि शंभरावर देशांनी स्वीकारलेल्या समान पद्धतीमुळे खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप जाते-येते. काळा पैसा शोधायला ती उपयोगाची आहे आणि मी तिचं स्वागत करतो. ऑनलाइन मंचांवर वस्तू विकणाऱ्या, घर भाड्याने देणाऱ्या माणसांची माहिती सरकारांना कळवण्याचे नियम युरोपात २०२३ पासून लागू आहेत. म्हणजे माणसाची माहिती सीमा ओलांडते, त्यावर देशांचं एकमत चटकन होतं. कंपनीच्या नफ्यातला वाटा सीमा ओलांडायची वेळ आली की चर्चा वर्षानुवर्षं लांबते. आपला हळदीचा व्हिडिओ करणारा तरुण एका पॅन क्रमांकावर दोन्ही सरकारांना सापडतो.

माझी सगळी आशा आता संयुक्त राष्ट्रांतल्या वाटाघाटींवर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी देशांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत करविषयक जागतिक करारासाठी ठराव झाला. १९२३ च्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनी. भारताने बाजूने मत दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका या वाटाघाटींतून उठून गेली, पण बाकीचे देश बसून आहेत आणि २०२७ पर्यंत मसुदा पुरा करायचा आहे. मूळ कराराबरोबर जे पहिले दोन जोडकरार होणार आहेत, त्यातला एक सीमेपलीकडून दिल्या जाणाऱ्या सेवांवरच्या कराचा, म्हणजे थेट आपला विषय आहे. पाया तयार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारात २०२१ मध्ये १२-ख हे कलम आलं. ऑनलाइन जाहिराती आणि तत्सम सेवांवर ग्राहकाच्या देशाला माफक दराने कर लावता येईल, आणि कंपनीची इच्छा असेल तर एकूण रकमेऐवजी नफ्यावर हिशेब होईल, असं ते कलम सांगतं. समकारी शुल्कावरचा उलाढालीचा आक्षेप तिथे बऱ्याच अंशी सुटतो.

त्यात एक भर घातली जावी असं मला वाटतं. ठरावीक रकमेच्या आत कमाई असलेल्या व्यक्तीच्या पैशातून परदेशात कर कापूच नये, अशी मर्यादा करारातच हवी. दहा हजारांच्या कमाईतून दीड हजार कापून, मग त्याच्या वजावटीसाठी इंग्रजी फॉर्म भरायला लावणं हा कुठल्याही सरकारला फायद्याचा व्यवहार नाही. तोवर निदान हे फॉर्म आणि त्यांच्या सूचना मराठीत उपलब्ध करणं आयकर खात्याला अवघड नाही. महा ई-सेवा केंद्रातला माणूस सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे सगळं करून देतो. त्याला ही माहितीही देता येईल.

हा पैसा दिल्लीत जमा होऊन तिथेच राहत नाही. केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना जातो, आणि वित्त आयोगाचं अनुदान तुमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतं. नाली, पाणी, दिवाबत्ती त्यातून होते. म्हणून हा प्रश्न नरसीच्या ग्रामसभेत निघायला हरकत नाही.

पुढच्या अधिवेशनात हिंगोलीच्या खासदारांनी अर्थमंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. सेवांवरच्या पहिल्या जोडकरारात भारताने कोणती भूमिका मांडली आहे? १२-ख सारखं कलम आपण मागतो आहोत का? लहान कमाईला सूट हवी, असं भारताने लेखी कळवलं आहे का? आणि समकारी शुल्क सोडल्याने बुडालेल्या वसुलीच्या जागी काय येणार आहे? लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते कुणालाही वाचायला मिळतं. ते आलं की इथल्या वाचनालयात लावावं.